अंधारबाईंची परीक्षा

काळोखात बसलेल्या मुलाला खोटं बोलता येत नाही, असं आहारावर संशोधन करणाऱ्या सरांचं ठाम मत होतं. त्या मतावर विसंबूनच त्यांनी ती पेटी बनवून घेतली होती. पेटी कसली, जुन्या रेडिओएवढं लाकडी खोकं. त्याला पुढून दोन खिडक्या, डावी आणि उजवी. मुलाला पूर्ण काळोखात थोडा वेळ बसवायचं, डोळे काळोखाला सरावू द्यायचे, मग एका खिडकीत राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद उजेड सोडायचा. मुलानं बोटानं खिडकी दाखवायची. अ जीवनसत्त्व पोटात पुरेसं जात असेल तर डोळे काळोखाला लवकर सरावतात आणि खिडकी दिसते. जात नसेल तर मूल काळोखात चाचपडत राहतं. सुई नको, रडारड नको.

पेटी घेऊन फिरण्याचं काम सरांच्या हाताखालच्या बाईचं होतं. चार वस्त्या, त्यातली वीटभट्टीवरची शेवटची. ज्या वस्तीत पाचातलं एक मूल काळोखात अडेल, तिथल्या पाळणाघरात रोज दुपारचं जेवण सुरू होणार होतं: केशरी गराचं रताळं, लाल भोपळा, पालेभाजी, अधूनमधून अंडं, आणि सगळ्यावर चमचाभर तेल, कारण तेलाशिवाय भाजीतला तो रंग शरीराला लागत नाही. हे जेवण मिळवण्यासाठी सरांनी उभी हयात अर्ज केले होते. तिनं तीन वर्षं.

वीटभट्टीचं गोदाम तिनं काळोखासाठी निवडलं. दार लावलं तर छताच्या पत्र्याला खिळ्यांची इतकी भोकं, की भर दुपारी चांदणं पडल्यासारखं दिसे. भट्टीवरच्या बायका शिडी लावून चढल्या आणि त्यांनी प्रत्येक भोकात ओली माती थापली. खाली उभी राहून पाळणाघराची मावशी हुकूम सोडत होती. ही मावशी म्हणजे वस्तीचा खांब. पोरं सांभाळायची ती, भांडणं सोडवायची ती, आणि नावं ठेवायचीही तीच. तिनंच पहिल्या दिवशी पाहुणीचं नाव अंधारबाई ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते भट्टीच्या धुरासारखं सगळीकडे पसरलं.

पहिलीच मुलगी काळोखात भोकाड पसरून रडली. म्हणून मावशी तिला मांडीवर घेऊन आत बसली. त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत, की अंधारबाईला जरा चुकल्यासारखंच वाटलं. मुलं येत, बसत, बोट दाखवत आणि उड्या मारत बाहेर जात. एकही अडलं नाही. वस्तीत ज्याला काडीपैलवान म्हणत, त्या हडकुळ्या मुलानं तर तिनं बटण दाबायच्या आधीच उजवीकडे बोट केलं. पोर उतावळं आहे, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

क्रम ठरलेला होता: डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी. तो प्रत्येक मुलासाठी बदलावा, असं तिनं सरांना सुरुवातीलाच सुचवलं होतं. सर म्हणाले होते, "चारही वस्त्यांत सारखेपणा हवा." सारखेपणा हा सरांचा आवडता शब्द.

"आमची सगळी पोरं पास ना, बाई?" मावशीनं विचारलं.

"मावशी, ही परीक्षा नाही. नुसतं बघायचंय, दिसतं का ते."

"हो हो, कळलं. पण पास ना?"

संध्याकाळी ती पेटी गाडीत ठेवत होती. सूर्य भट्टीच्या धुरांड्यामागे गेला होता आणि अंगणातली माती, विटा, माणसं सगळी एकाच रंगाची दिसायला लागली होती. पाळणाघराच्या दारातून मावशीची नात बाहेर आली. पाच-सहा वर्षांची, लाकडी बाहुलीसारखी ताठ चालणारी, म्हणून सगळे तिला ठकी म्हणत. ठकीनं पाची उत्तरं बरोबर दिली होती. ती भिंतीला हात लावत लावत पुढे आली, भिंत संपली तिथे थांबली, मग पाय पुढे टाकला आणि वाटेतल्या बादलीवर धाडकन आपटली.

"वेंधळी कुठली!" आतून मावशी ओरडली. "रोज सांडते पाणी! डोळे आहेत का बटणं?"

अंधारबाई खाली बसली. तिच्या हातात डब्याचं पांढरं झाकण होतं. ते तिनं पुढे धरलं. "ठकी, हे घे बघू."

ठकीनं हात पुढे केला. हात आवाजाच्या दिशेनं आला, झाकणाच्या नाही.

त्या आठवड्यात अंधारबाईला स्वतःच्या आईचे डोळे दाखवायचे होते. मोतीबिंदू पिकत आला असावा, कारण आई हल्ली चहात साखरेऐवजी मीठ घालून "आज चहाची पूड बदललीस का गं?" असं विचारायची. दवाखान्यात बरीच गर्दी होती. आईला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, आणि एक डोळा झाकून अक्षरं वाचायला सांगितलं. आईनं सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ खणखणीत आवाजात म्हणून दाखवली.

तपासणारा मुलगा म्हणाला, "आजी, अजून मी दिवाच लावला नाही तक्त्याचा."

घरी येताना ती आईवर चांगलीच वैतागली. "अगं, ऑपरेशन नको असेल तर तसं सांग ना. हे कसलं नाटक?"

"नको कुठे म्हटलं मी?"

"मग पाठ कशाला केलीस?"

"शेजारी एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, सगळ्यांना तोच तक्ता असतो, मी सांगतो, पाठ करा." आई थोडी ओशाळली, पण हटली नाही. "चारचौघांत कुणी विचारलं की आलं पाहिजे माणसाला. तू लहानपणी अडलीस तर मला कशी लाज वाटायची!"

ती हसली. मग एकदम थांबली. सगळ्यांना तोच तक्ता. बटण दाबायच्या आधी वर आलेलं काडीपैलवानाचं बोट तिच्या डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर गेली तेव्हा पाळणाघराच्या ओट्यावर मुली समोरासमोर बसून टाळ्या देत होत्या.

*डावा बैल जागा झाला,*
*उजवा बैल गाडीला,*
*उजव्यानंच ओढली गाडी,*
*डाव्यानं मारली दडी,*
*उजवा आला घरी!*

डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा. तिनं दोनदा ऐकलं आणि मग मावशीला हाताला धरून गोदामाच्या मागे नेलं.

"मावशी, हे गाणं कुणाचं?"

"पोरांचं."

"मावशी."

"बरं, माझं. चांगलं जमलंय ना? तिसऱ्या ओळीला जरा अडत होतं."

"तुम्ही पहिल्या पोरीबरोबर आत बसून क्रम बघितलात आणि सगळ्यांना शिकवलात! का पण?"

मावशीला हा प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? शहरातून बाई येते, पेटी आणते, पोरांना एकेक करून आत घेते, लिहून ठेवते. नापास व्हायला कुणी आपलं पोर पाठवतं का? इथून पुढे शाळेत घ्यायचं की नाही, ते यावरच ठरत असेल म्हटलं."

"अहो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच जेवण आहे! सगळ्यांना दिसतं म्हटल्यावर कोण देणार जेवण?"

मावशीनं खाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आधी नाही सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर..." ती बोलता बोलता थांबली. आत्ता आपण काय करून बसलो, हे तिच्या लक्षात आलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि भट्टीत गेलेली वीट परत कच्ची होत नाही.

सरांनी कुरकुरत दुसरी फेरी मंजूर केली. या वेळी तिनं क्रम प्रत्येक मुलासाठी बदलला, मावशीला बाहेर बसवलं, गोदामाचं दार स्वतः लावलं. पहिलं मूल बसलं. उजेड सोडला.

"कुठली खिडकी?"

"दिसत नाही."

तिनं उजेड वाढवला. "आता?"

"नाही."

आणखी वाढवला. आता खिडकीचा उजेड त्याच्या नाकावर पडत होता. "आता तरी?"

"कसली खिडकी?"

दुसरं मूलही तसंच. तिसरंही. सुईत दोरा ओवून देणारी, आकाशातली घार सगळ्यांच्या आधी ओळखणारी, सगळी पोरं ठार आंधळी झाली होती. काडीपैलवानानं तर कहर केला. दार उघडून, लख्ख उन्हात उभं राहून तो म्हणाला, "बाई, मला तर तुम्हीपण दिसत नाही."

"मग बोलतोयस कुणाशी?"

तो विचारात पडला. दारापलीकडून मावशीचा आवाज आला, "मेल्या, एवढं नव्हतं सांगितलं!"

त्या दिवशी अंधारबाई पहिल्यांदा ओरडली. ती ओरडणारी बाई नव्हती. प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली तरी ती फक्त "अरेरे" म्हणायची. पण त्या दिवशी ती मावशीला म्हणाली, "मी तुमच्या बाजूनं आहे, हे तुम्हाला कळत कसं नाही? प्रत्येक वेळी माझेच पाय ओढताय! खरं काय आहे तेवढंच कळू द्या मला!"

मावशी शांतपणे म्हणाली, "खरं सांगून आम्हाला आजवर काय मिळालं, ते तुम्ही सांगा. मागे एक जण आले, गाजराचं चित्र भिंतीला लावून गेले. म्हणाले, हे खा. चित्रातलं गाजर खाऊन डोळे सुधारत असतील तर आमची पोरं घारीसारखी व्हायला हवीत. ओट्यावरच आहे ते चित्र."

अंधारबाईनं ओट्यावरच्या त्या चित्राकडे एकदा बघितलं. ती पेटी उचलून गाडीत जाऊन बसली.

सरांच्या खोलीत पंख्याचा आवाज मोठा होता आणि सर त्याहून मोठ्यानं बोलत. "पहिल्या फेरीत सगळे पास, दुसऱ्या फेरीत सगळे नापास. लोक हसतील आपल्याला. वीटभट्टी सोडा. बाकी तीन वस्त्या पात्र आहेत, तेवढं पदरात पाडून घेऊ."

"सर, रक्त तपासलं तर?"

"रक्ताचं तुम्हीच मला सांगत होतात ना मागे?"

तिनंच सांगितलं होतं. डब्यात दाणा नसतानाही पाहुण्याचं ताट भरलेलं ठेवणाऱ्या बाईसारखं यकृत असतं. साठा संपत आला तरी रक्तातलं प्रमाण ते सावरून धरतं, आणि पार रिकामं झालं की मगच आकडा पडतो. शिवाय ताप आला की तो आकडा उगाचच उतरतो, आणि भट्टीवरची निम्मी मुलं कायम तापलेली.

"मग डोळ्याची बाहुली बघते," ती म्हणाली. "काळोखात एका डोळ्यावर उजेड टाकायचा आणि मंद लाल दिव्यात दुसऱ्या डोळ्याची बाहुली कधी आकसते ते बघायचं. ती आपोआप आकसते. मुलाला काही विचारावंच लागत नाही. शिकवायला कुणाला वावच नाही."

"वेळखाऊ आहे. म्हणून तर पेटी केली आपण."

"मी माझ्या सुट्टीत करते."

सरांनी हात हलवला. ती परवानगी होती की माशी, हे तिनं विचारलं नाही.

तिसऱ्यांदा गोदामात माती थापली गेली. या वेळी बायका मुकाट्यानं थापत होत्या. मावशीनं हळूच विचारलं, "आता पोरांना काय सांगू?"

"काही नाही. पोरांनी बोलायचंच नाहीये. गप्प बसायचं आणि समोर बघायचं. तुम्ही हवं तर आत बसा."

मावशी आत येऊन कोपऱ्यात बसली. मुलं एकेक करून येत होती. लाल दिव्यात त्यांचे चेहरे विटांसारखेच दिसत. अंधारबाई भिंगातून बघत उजेड एकेक पायरी वाढवत होती. कुणाची बाहुली दुसऱ्याच पायरीला आकसली, कुणाची चौथ्या. काहींची फार उशिरा. काडीपैलवानाचे डोळे अगदी उत्तम निघाले. तो खाटकाच्या दुकानामागे राहायचा आणि त्याला जीवनसत्त्वानं भरलेल्या कलेजीचा तुकडा अधूनमधून मिळायचा, हे नंतर कळलं.

शेवटी ठकी आली. अंधारबाईनं पहिली पायरी दाबली. दुसरी. तिसरी.

"हलली?" कोपऱ्यातून मावशीनं विचारलं.

"नाही."

चौथी. पाचवी. काळी, मोठी, उघड्या दारासारखी बाहुली तशीच होती. ठकी सांगितल्याप्रमाणे गप्प बसून समोर बघत होती. तिला वाटत होतं, आपण फार चांगलं करतोय.

"आता?"

"अजून नाही, मावशी."

सहावी पायरी झाली. सातवीला कुठे ती कडेनं जराशी आत ओढली गेली. अंधारबाईनं आकडा लिहिला. मग मावशी म्हणाली, "पाणी सांडलं की मी मारते हिला."

अंधारबाईनं लाल दिवा विझवला. तिनं दार उघडलं, तेव्हा ठकीनं विचारलं, "आजी, मी पास?"

बाहुल्यांचा हिशेब स्पष्ट होता. पाचातलं एक सोडाच, तीनातलं एक मूल काळोखात अडत होतं. ठकीला आणि तिच्यासारख्या बाकीच्या मुलांना तिनं स्वतः गाडीत घालून आरोग्य केंद्रात नेलं आणि औषधाचा डोस पाजून आणला. तो लगेच लागू पडतो, हे तिला माहीत होतं. तो काही महिन्यांत उतरतो, हेही माहीत होतं. मग पुन्हा जेवणच लागतं.

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिले. "काम चांगलं आहे," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "पण उपयोग नाही. तीन वस्त्यांत पेटी आणि एका वस्तीत बाहुली, हे वर चालायचं नाही. ते म्हणतील, जिथे पेटीनं हवं ते दिलं नाही, तिथे यांनी मोजायची रीतच बदलली. मग चारही वस्त्यांचं जेवण जाईल. एका विटेसाठी भिंत पाडू नका."

"मग वीटभट्टीपुढे काय लिहायचं?"

"पहिली फेरी नियमाप्रमाणे झाली होती. कमतरता नाही, असं लिहा आणि सही करा."

"पण कमतरता आहे, सर."

"मला माहीत आहे."

"मग मी नाही लिहिणार."

सरांनी चष्मा काढला. सही तिची लागायची. तपासणी तिनं केली होती. तिच्या सहीवाचून बाकी तीन वस्त्यांचंही जेवण अडकलं असतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. मुलं खोटी नव्हती, मावशी वाईट नव्हती, सरसुद्धा चुकीचं बोलत नव्हते. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी सापडत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

"'मोजता आलं नाही' असं लिहिते," ती अखेर म्हणाली.

"त्यानं काय फरक पडतो? जेवण असंही नाही आणि तसंही नाही."

"'कमतरता नाही' लिहिलं की पुन्हा तिथे कुणी जाणार नाही, सर. 'मोजता आलं नाही' लिहिलं की पुन्हा मोजायला जावं लागतं. ते बंधनकारक आहे, तुमच्याच नियमात. आणि पुढच्या वेळी चारही ठिकाणी बाहुली बघायची. म्हणजे सारखेपणा राहील."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. "हट्टी आहात," ते म्हणाले, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

हे मावशीला सांगायला ती संध्याकाळची भट्टीवर गेली. कसं सांगावं याची जुळवाजुळव वाटेत तिनं केली होती, पण सांगताना ती सगळी विस्कटली. जेवण आत्ता नाही. पुढच्या हंगामात पुन्हा यावं लागेल. पुन्हा मोजावं लागेल.

"तोवर?" मावशीनं विचारलं.

"तोवर पालेभाजी मिळेल तेव्हा. तेलात. थोडी का होईना."

"चित्र आहेच भिंतीला," मावशी म्हणाली. त्यात टोमणा होता, पण पूर्वीइतकी धार नव्हती.

सूर्य धुरांड्यामागे गेला. पाळणाघरातून ठकी बाहेर आली. भिंतीला तिनं हात लावला नाही. अंगणात बादली होती. ठकी तिला वळसा घालून गेली, आणि वळसा घातल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. मावशीच्या मात्र आलं. ती बादलीकडेच बघत राहिली.

"आता पास ना ही?"

"पास. पण थोड्याच महिन्यांपुरती, मावशी."

मावशीनं मान डोलावली. अंधारबाई गाडीकडे निघाली, तेव्हा तिला ओट्यावर मुलं दिसली. टाळ्यांचं गाणं बंद होतं. सगळी जोडीजोडीनं समोरासमोर बसली होती, पापणीही न हलवता, श्वास रोखून एकमेकांच्या डोळ्यांत रोखून बघत होती. काडीपैलवान पुढाऱ्यासारखा त्यांच्यामधून फिरत होता.

"हे काय चाललंय रे?"

"सराव, बाई," तो म्हणाला. "बाहुली हलू द्यायची नाही. ज्याची हलली नाही, त्याला जेवण. ठकीची सगळ्यात भारी, मावशी म्हणाली."

तिनं मागे वळून मावशीकडे बघितलं. मावशी एकदम बादली उचलून आत गेली.

बाहुली अशी थांबवता येत नाही, जगातल्या कुणालाच येत नाही, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. एकदा सांगून ती पस्तावली होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत एकमेकांकडे बघत बसलेल्या त्या मुलांना तिथेच ठेवून ती गाडीत बसली, आणि पुढच्या हंगामात गोदामाची भोकं बुजवायला माती कधी मागायची, याचा विचार करू लागली.